अपघाताचा दावा: कॅज्युअल्टीच्या केसपेपरपासून निवाड्याच्या रकमेपर्यंत

जखमीचा दावा बिघडवणारी पहिली ओळ पुष्कळदा कॅज्युअल्टीतच लिहिली जाते. सोबत आलेला माणूस धास्तावलेला असतो. डॉक्टर विचारतात, काय झाले? तो सांगतो, गाडीवरून पडला. केसपेपरवर हिस्टरी म्हणून तेवढेच उतरते. मागून टेम्पोने धडक दिली म्हणून पडला, हे सांगायचे राहून जाते. पुढे विमा कंपनी हाच केसपेपर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवते आणि म्हणते, गाडी आपोआप घसरली होती, टेम्पो नंतर गोवला. सोबतचा माणूस शपथेवर कितीही खरे सांगो, अपघातानंतर तासाभरात लिहिलेल्या कागदाचे वजन जास्त पडते.

म्हणून डॉक्टरांना सांगताना दुसऱ्या वाहनाची धडक पहिल्याच वाक्यात यावी. क्रमांक माहीत नसेल तर वाहनाचा प्रकार आणि रंग सांगावा, शिवाय ठिकाण आणि वेळ. लिहिलेले वाचून घ्यावे आणि चुकले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागावे. डिस्चार्जनंतर केसपेपरमध्ये फिरवाफिरव झाली की तीच संशयाचा मुद्दा होते. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, झाली का हे विचारून तिचा क्रमांक टिपून ठेवावा. पहिल्या दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात हलवले असेल तर पहिल्या दवाखान्याचा कागद हमखास हरवतो. तो तासाभराच्या उपचाराचा का असेना, मिळवून ठेवावा. १०८ रुग्णवाहिकेने नेले असेल तर त्यांच्याकडचीही नोंद ठिकाण आणि वेळ दाखवायला उपयोगी पडते.

मोटार अपघाताच्या दाव्यात तीन गोष्टी एकमेकींना जोडून दाखवायच्या असतात. अमुक वाहनाने अपघात केला, त्याच अपघातात अमुक इजा झाली, आणि त्या इजेमुळे कमाई इतकी घटली. प्रत्येक जोडाला वेगळा कागद लागतो. महाराष्ट्रातल्या दाव्यांच्या कामात आम्हाला सतत दिसते ते असे, की पहिल्या जोडामागे सगळे घर धावते, दुसऱ्याकडे डॉक्टर पाहतील असे धरले जाते, आणि तिसऱ्याचा विचार पुराव्याची तारीख लागेपर्यंत कोणी करत नाही. रक्कम मात्र मुख्यतः तिसऱ्यावरच ठरते.

उपचाराच्या पैशांसाठी आता एक आधार आहे. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळतात. वाहनाचा विमा आहे की नाही, चूक कोणाची, हे त्यासाठी पाहिले जात नाही. भरती करतानाच रुग्णालयाला या योजनेबद्दल विचारावे. या योजनेतून उपचार घेतले म्हणून भरपाईचा दावा करण्याचा हक्क जात नाही.

पोलीस ठाण्यातले कागद

फिर्याद जखमीनेच द्यावी असे नाही. नातेवाईक देऊ शकतात, पाहणारा देऊ शकतो. उशीर झाला तर दावा बुडतो असेही नाही. माणूस अतिदक्षता विभागात असताना घरचे आधी पोलीस ठाण्यात जात नाहीत, हे न्यायालये जाणतात. पण उशिराचे कारण फिर्यादीतच लिहिलेले असावे. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातात गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली नोंदतात: बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल कलम २८१, आणि इजा साधी की गंभीर त्यानुसार कलम १२५ चे उपखंड. इजा प्रमाणपत्र पोलिसांकडे जाते तेव्हा ते एकदा पाहावे. सुरुवातीच्या एक्स-रेत न दिसलेले फ्रॅक्चर नंतर एमआरआयमध्ये सापडते, आणि पहिल्या प्रमाणपत्रात मात्र 'साधी इजा' राहून जाते. अशा वेळी डॉक्टरांकडून पूरक प्रमाणपत्र घेऊन तपास अंमलदाराकडे द्यावे.

पेट्रोल पंप, टोल नाका, रस्त्यावरचे दुकान यांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते जप्त करावे असा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुठेच राहत नाही.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. बोलण्यात या शेवटच्या अहवालाला 'डार' म्हणतात. न्यायाधिकरण हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या वेळापत्रकाची अंमलबजावणी करण्याचे निर्देशही दिले. तरीही अहवाल गेला असेल असे गृहीत धरून घरी बसू नये. तो पोहोचला का, त्यात इजा आणि उत्पन्नाची माहिती भरली का, हे पाहावे आणि स्वतःचा अर्ज स्वतंत्रपणे दाखल करावा.

पोलिसांकडून मिळवायच्या प्रतींमध्ये फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, इजा प्रमाणपत्र, दोषारोपपत्र आणि महाराष्ट्रात वापरला जाणारा कॉम्प एए हा नमुना येतो. या शेवटच्या नमुन्यात वाहन, मालक, चालक, परवाना आणि विमा पॉलिसी यांची माहिती एका ठिकाणी असते. त्यातला पॉलिसी क्रमांक आणि कालावधी परिवहन पोर्टलवर पडताळावा. पॉलिसी सुरू होण्याची तारीखच नव्हे, वेळही पाहावी. सकाळी अपघात आणि दुपारी पॉलिसी, असे प्रकार घडतात, आणि मग सगळी जबाबदारी एकट्या मालकावर येते.

गावातल्या गावात मिटवायचे ठरले तर काय होते, तेही सांगायला हवे. धडक देणारा ओळखीचा असतो. तो दवाखान्याचे सुरुवातीचे दहा-वीस हजार देतो आणि 'माझी काही तक्रार नाही' असे लिहून घेतो. महिनाभराने प्लेटच्या जागी पू होतो, दुसरे ऑपरेशन निघते, आणि तोवर फिर्यादही नसते, पंचनामाही नसतो. दावा झाला तर पैसे सहसा विमा कंपनी देते, त्या ओळखीच्या माणसाच्या खिशाला हात लागत नाही, हे दोन्ही घरांना वेळीच सांगितले तर संबंधही टिकतात आणि कागदही होतात. उलट, धडक देणारे वाहन सापडत नाही म्हणून ओळखीच्याचे विमा असलेले वाहन दाखवणे हा गुन्हा आहे. विमा कंपन्या असे दावे खोदून काढतात, आणि त्यात खरा जखमीसुद्धा आरोपी होतो.

कोणत्या वाटेने जायचे

वाहन सापडले आणि चूक त्याच्या चालकाची असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १६६. यात भरपाईला वरची मर्यादा नाही, पण चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कलम १६४ मध्ये चूक दाखवावी लागत नाही. त्यात गंभीर इजेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख ठरलेले आहेत. इथे सावध राहावे. विमा कंपनीने तडजोडीच्या प्रक्रियेत देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. मांडीचे हाड मोडलेल्या, पुढे दोन ऑपरेशने बाकी असलेल्या माणसाला अडीच लाखांचा लवकर मिळणारा धनादेश मोठा वाटतो. सही करण्याआधी पूर्ण हिशेब मांडून पाहावा.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर हिट अँड रन योजनेत गंभीर इजेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. हा अर्ज न्यायालयात जात नाही. तो उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण अनेक घरांना ही योजनाच माहीत नसते.

कामावर असताना अपघात झाला, म्हणजे ट्रकचा चालक किंवा क्लीनर जखमी झाला, तर कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ ची वाटही असते. दोन्ही वाटांनी पैसे घेता येत नाहीत, एक निवडावी लागते. चूक स्वतः चालकाचीच असेल तर कर्मचारी भरपाईची वाट बरी, कारण तिथे निष्काळजीपणाचा प्रश्न येत नाही.

आणि काहींना थर्ड पार्टी दावाच मिळत नाही. स्वतःची दुचाकी स्वतःच घसरली तर मालक-चालकाला त्याच्या पॉलिसीतील १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याखेरीज मोटार पॉलिसीतून काही मिळत नाही. तो विमाही मृत्यू आणि अवयव गमावण्यासारख्या ठरलेल्या इजांनाच लागू होतो. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या दुचाकीवर मागे बसलेल्याची जबाबदारी त्या दुचाकीच्या विमा कंपनीवर येत नाही, मालकावर येते. मालवाहू टेम्पोत लग्नाला निघालेले वऱ्हाड हे सगळ्यांत वाईट उदाहरण. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशांचा भार विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या बाबतीतही कंपनी हाच बचाव घेते. तिथे ते मालकाच्या कामावरचे मजूर होते का, पॉलिसीत मजुरांसाठी जादा हप्ता भरला होता का, आणि ट्रॉलीचा वेगळा विमा होता का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात.

अर्ज

अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो किंवा कामधंदा करतो तिथे, किंवा जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. लातूरचा मजूर पुण्यात जखमी झाला तर त्याने लातूरला दावा करणे कायद्याने बरोबर आहे, आणि प्रवास वाचतो. पण ऑपरेशन करणारे डॉक्टर पुण्याचे असतील तर त्यांची साक्ष लातूरला होणे अवघड. घर जवळ की डॉक्टर जवळ, याचा विचार दाखल करतानाच करावा.

१ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असे सांगितले. तो अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर महिने घालवू नयेत. उपचार संपलेले नाहीत, बिले पूर्ण नाहीत, अपंगत्वाचा दाखला नाही, ही थांबण्याची कारणे नव्हेत. अर्ज आधी जातो, बाकीचे कागद नंतर यादीसह दाखल होतात.

जाबदेणार म्हणून वाहनाचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी हवीच, चालकालाही जोडलेले बरे. 'मी गाडी केव्हाच विकली' असे मालक म्हणतो. अपघाताच्या दिवशी आरसीवर ज्याचे नाव, तो जबाबदार, मग मालकी बदलण्याच्या टीटी फॉर्मवर सह्या होऊन कितीही दिवस झालेले असोत. एसटीच्या बसला वेगळी विमा कंपनी शोधत बसू नये. तिथे महामंडळच जाबदेणार असते. दोन वाहनांच्या धडकेत तिसराच प्रवासी जखमी झाला असेल तर तो दोहोंपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. तरी दोघांनाही जोडावे, कारण एकाची पॉलिसी बाद ठरली तर दुसरा हाताशी राहतो.

मागणीची रक्कम फुगवण्यात अर्थ नाही. न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. वकिलाच्या फीबद्दलही लेखी बोलणे व्हावे. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. रुग्णालयाच्या दाराशी 'सगळे आम्ही बघतो' म्हणत कोऱ्या कागदांवर आणि बँकेच्या स्लिपांवर सह्या घेणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठराविक उत्पन्नमर्यादेखालील सर्वांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

टक्का कशाचा

दाव्याचा गाभा इथे आहे. अस्थिरोगतज्ज्ञ दाखला देतात: उजव्या पायाचे ४० टक्के कायम अपंगत्व. हे ४० टक्के त्या पायाचे असतात. पूर्ण शरीराच्या मानाने ते कमी भरतात. आणि कमाईची क्षमता किती घटली, हा तिसराच आकडा आहे. भरपाई या तिसऱ्या आकड्यावर मोजली जाते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून दाखवले. डावा हात गेलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाते; तीच इजा झालेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, मग त्याला कमाईपोटी कमी आणि आयुष्यातल्या सुखांना मुकल्यापोटी जास्त मिळते.

हिशेब मांडून पाहू. वय ३२, धंदा वेल्डिंगचा, महिना १८,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार चाळीशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. म्हणजे महिना २५,२०० आणि वर्षाला ३,०२,४००. वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो गुणक; सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला तो १६. कमाईची घट २० टक्के धरली तर ९,६७,६८० रुपये होतात. तीच घट ३० टक्के धरली तर १४,५१,५२०. दहा टक्क्यांचा फरक पावणेपाच लाखांहून मोठा आहे. आणि तो फरक एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो: हा माणूस उकिडवा बसून, शिडीवर चढून वेल्डिंग करू शकतो का?

हा प्रश्न डॉक्टरांना साक्षीत विचारावा लागतो. नुसत्या दाखल्यात गुडघा किती अंशांत वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, एवढेच असते. त्यामुळे जखमीला मांडी घालता येत नाही, ओझे घेऊन चढता येत नाही, दोन तासांवर उभे राहता येत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून नोंदीवर यावे. आणि जखमीच्या शपथपत्रात 'मी पूर्वीसारखे काम करू शकत नाही' एवढे मोघम वाक्य पुरत नाही. कामाचा एकेक भाग लिहावा: कुठले काम आधी करत होता, त्यातले कुठले सुटले, कुठल्यासाठी आता मदतनीस ठेवतो, त्याला काय देतो.

दाखला शक्यतो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा घ्यावा. उपचार न करता केवळ दाखल्यापुरते तपासणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्राकडे न्यायालये संशयाने पाहतात. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला त्यापेक्षा बरा. हाड जुळायच्या आत दाखला घेतला तर 'सुधारणा होऊ शकते' अशी नोंद येते आणि कायम अपंगत्वाचा मुद्दाच ढिला पडतो. उपचार एका टप्प्यावर स्थिरावल्यावर, ताज्या एक्स-रेसह तो घ्यावा. डॉक्टर साक्षीला येत नाहीत ही रोजची अडचण आहे. समन्स काढण्याआधी त्यांना भेटून सोयीची तारीख घ्यावी, किंवा त्यांच्या रुग्णालयातच न्यायाधिकरणाने नेमलेल्या कमिशनरमार्फत साक्ष नोंदवण्याचा अर्ज द्यावा. राजकुमार निकालात न्यायालयाने या पद्धतीला उत्तेजनच दिले आहे.

गुणकाचा तक्ता लक्षात ठेवण्याजोगा आहे: २५ वर्षांपर्यंतच्या तरुणाला १८, ३० पर्यंत १७, ३५ पर्यंत १६, ४० पर्यंत १५, ४५ पर्यंत १४, ५० पर्यंत १३, ५५ पर्यंत ११, ६० पर्यंत ९, ६५ पर्यंत ७, त्यापुढे ५. वय अपघाताच्या दिवसाचे धरतात. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा होतो, तसा जखमीच्या दाव्यात होत नाही, कारण तो माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे. काही वेळा ही वजावट चुकून होते. निवाडा हातात आल्यावर हे तपासावे.

उत्पन्न आणि बिले

पगारदाराला पगारपत्रके, फॉर्म १६ आणि मालकाची साक्ष. उपचाराच्या काळात शिल्लक रजा वापरून पगार मिळाला असेल तरी ती रजा खर्ची पडली, हे नुकसानच आहे. कार्यालयाकडून रजेचा दाखला घ्यावा. व्यावसायिकाचे अपघाताआधी भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र बळकट पुरावा ठरते, अपघातानंतर घाईने भरलेले संशयास्पद.

ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांच्या बाबतीत न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज धरते. पण काहीच नसते असे क्वचितच असते. मोबाईलवरून आलेल्या मजुरीच्या नोंदी बँकेच्या खातेउताऱ्यात असतात. बांधकाम कामगार मंडळाचे नोंदणीपत्र धंदा सिद्ध करते. ज्यांच्याकडे तो काम करत होता त्या कंत्राटदाराला साक्षीला आणता येते. शेतकऱ्याने सातबारा दिला की काम झाले, असे समजू नये. जमीन तर अपघातानंतरही तिथेच आहे, असे विमा कंपनी म्हणते, आणि ते खोटे नाही. बुडाले ते त्याचे स्वतःचे श्रम आणि देखरेख. म्हणून सालगडी ठेवावा लागला तर त्याची मजुरी, अपघाताआधीची आणि नंतरची साखर कारखान्याची बिले, दूध संघाच्या पगाराच्या पावत्या, हे सगळे शेजारी शेजारी मांडावे. गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे आणि तिलाही भविष्यातील वाढ मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ठामपणे सांगितले. तिच्या दाव्यात 'उत्पन्न: काही नाही' असे लिहिणारा अर्ज तिचे थेट नुकसान करतो.

बिले मूळ प्रतीत, तारखेप्रमाणे लावून, प्रत्येक औषधाच्या बिलामागे त्याची चिठ्ठी. चिठ्ठीशिवायची बिले सर्वांत आधी कापली जातात. मेडिक्लेमसाठी मूळ बिले दिली असतील तर त्या कंपनीकडून साक्षांकित प्रती आणि मंजुरीपत्र घ्यावे. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. त्यामुळे ते पैसे मिळाले हे लपवण्याचे कारण नाही.

रॉड किंवा प्लेट काढण्याचे ऑपरेशन बाकी असेल तर अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेखी घ्यावा आणि साक्षीत विचारावा. जाण्या-येण्याचा खर्च, पौष्टिक आहार, सेवेला राहिलेला माणूस हे सगळे वेगळे रकाने आहेत. सेवा बायकोने किंवा आईने केली म्हणून तो रकाना रिकामा सोडू नये. तिने त्यासाठी मजुरी बुडवली असेल तर तेही शपथपत्रात यावे.

विमा कंपनीचे बचाव

इन्व्हेस्टिगेटर घरी येतो, नीट बोलतो आणि एक जबाब लिहून सही मागतो. सौजन्याने बोलावे, न वाचलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये.

हेल्मेट नव्हते, तिघे बसले होते, जखमीकडे परवाना नव्हता, हे मुद्दे हमखास निघतात. नियम मोडला म्हणजे अपघाताला हातभार लागला असे आपोआप होत नाही. त्या चुकीचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध कंपनीला दाखवावा लागतो. डोक्याला मार असेल तर हेल्मेट नसण्याबद्दल कपात होऊ शकते, पाय मोडला असेल तर त्या मुद्द्यात दम नाही. धडक देणाऱ्या चालकाकडे योग्य परवाना नव्हता, असा बचाव आला तरी बहुतेक वेळा जखमीचे पैसे अडत नाहीत. कंपनीने आधी द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केल्याने छोट्या टेम्पोंबाबतचा जुना वाद मिटला आहे.

लोकअदालत आणि पैसे हातात येणे

लोकअदालतीतला निवाडा लवकर होतो, पण त्याविरुद्ध अपील नाही. कंपनीचा आकडा ऐकण्याआधी स्वतःचा हिशेब कागदावर असावा, आणि देऊ केलेली रक्कम व्याजासह आहे की व्याज वेगळे, हे विचारावे. निवाड्यात सहसा ६ ते ९ टक्क्यांदरम्यान व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळते. काही वर्षे चाललेल्या दाव्यात ती रक्कम लहान नसते. ऑपरेशन बाकी असताना 'पूर्ण व अंतिम' तडजोड करू नये. उपचार संपले आहेत, अपंगत्व ठरले आहे आणि वाद केवळ आकड्याचा आहे, अशा दाव्याला लोकअदालत उत्तम.

निवाड्यानंतर कंपनीने ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. ती जमा झाली का, हे विचारत राहावे लागते. न केल्यास दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करता येते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीचा दाखला मागता येतो. जमा झालेल्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवते. उपचार, मुलांचे शिक्षण, घरदुरुस्ती यांसाठी ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर कारण आणि खर्चाचा अंदाज जोडून अर्ज करावा लागतो. पैसे थेट अर्जदाराच्या खात्यात जावेत, यासाठी पासबुक आणि पॅन आधीच दाखल करावे. पासबुकावरचे आणि अर्जातले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एका वेलांटीच्या फरकानेही पैसे अडकतात.

रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही. अपील केले म्हणून जमा झालेले पैसे उचलायला हरकत नसते. ते उचलून वाढीव रकमेसाठी लढता येते. कंपनीने अपील केले आणि स्थगिती मागितली तर जमा रकमेचा मोठा भाग काढू देण्याची विनंती तिथेच करावी. आणि अपील चालू असताना जखमी दुसऱ्याच कारणाने वारला तरी दावा संपत नाही: २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा हक्क वारसांकडे जातो, त्यांनी वेळेत नाव लावून घ्यायचे असते.